उंदरांच्या दुधातला विषाणू आणि डॉ. कमल रणदिवे

खारघरचे ‘ॲक्ट्रेक’ रायगडकरांना नवे नाही. पनवेल-उरणपासून अलिबाग-मुरूडपर्यंतच्या कित्येक घरांतले कुणी ना कुणी तिथे उपचारांसाठी गेलेले असते. या केंद्राचे मूळ मात्र परळचे. १९५२ मध्ये मुंबईत स्थापन झालेले भारतीय कर्करोग संशोधन केंद्र हे त्याचे पूर्वरूप. त्या केंद्राच्या पायाभरणीत डॉ. कमल रणदिवे यांचा मोठा वाटा होता.

कमल समर्थ यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत. शाळा हुजूरपागा. मुलीने डॉक्टर व्हावे, ही वडिलांची इच्छा. पण तिचा ओढा प्रयोगशाळेकडे होता. १९३९ मध्ये गणितज्ञ ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी विवाह झाला आणि त्यांच्या पाठिंब्याने शिक्षण पुढे चालू राहिले. एम.एस्सी.साठी त्यांनी सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या पेशींचा अभ्यास केला. मुंबईत आल्यावर टाटा रुग्णालयात काम मिळाले, डॉ. वसंत खानोलकरांसारखे मार्गदर्शक लाभले आणि १९४९ मध्ये पीएच.डी. झाली.

त्यांचा मुख्य विषय स्तनांचा कर्करोग. अमेरिकेतील जॉन बिटनर यांनी १९३६ मध्ये एक चमत्कारिक गोष्ट दाखवली होती. ज्या वाणाच्या उंदरांना हा कर्करोग हमखास होतो, त्यांची पिल्ले जन्मताच निरोगी वाणाच्या माद्यांच्या दुधावर वाढवली, तर रोगाचे प्रमाण खूपच घटते. दुधातून काहीतरी संक्रमित होत होते. तो विषाणू निघाला. डॉ. रणदिवे यांनी वर्षानुवर्षे उंदरांचे शुद्ध वाण सांभाळून आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू या तिघांचा परस्परसंबंध तपासला. विषाणू एकटा पुरेसा नसतो; शरीराची जमीनही त्याला अनुकूल असावी लागते, हे त्यातून स्पष्ट होत गेले.

कर्करोगामागे विषाणू असू शकतो, ही गोष्ट त्या काळी पुष्कळांना पटत नव्हती. १९६४ मध्ये एपस्टाइन, अचाँग आणि बार यांना आफ्रिकेतील मुलांच्या गाठींच्या पेशींत नागिणीच्या विषाणूच्या कुळातलाच एक विषाणू सापडला, आणि माणसातील विषाणूजन्य कर्करोगाचे दार उघडले.

पेशी शरीराबाहेर वाढवण्याचे तंत्र डॉ. रणदिवे बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत शिकल्या. परतल्यावर मुंबईत त्यांनी देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. कुष्ठरोग्यांच्या गाठींतून जंतू वाढवण्याच्या कामातही त्यांचा सहभाग होता. हे जंतू म्हणजे खरे कुष्ठजंतू नव्हेत, असे पुढे ठरले. तरीही त्यांच्यापासून कुष्ठरोगाविरुद्धची लस तयार होऊन तिच्या चाचण्या झाल्या. १९६४ मध्ये भारतीय वैद्यक परिषदेचा पहिला रौप्यमहोत्सवी संशोधन पुरस्कार त्यांना मिळाला, १९८२ मध्ये पद्मभूषण. १९७३ मध्ये सहकाऱ्यांसह त्यांनी भारतीय महिला शास्त्रज्ञ संघटना स्थापन केली. निवृत्तीनंतर त्या स्वस्थ बसल्या नाहीत. अकोले तालुक्यातील आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास त्यांनी हाती घेतला. २००१ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतर त्यांची संस्था खाडीपलीकडे खारघरला आली.

उंदरांतला तो दुधातला विषाणू स्त्रियांच्या स्तनांच्या कर्करोगाला कारणीभूत असल्याचे सिद्ध झालेले नाही. त्यामुळे कर्करोगाच्या भीतीने कोणत्याही आईने बाळाचे दूध तोडू नये; उलट स्तनपानाने आईचा स्तनांच्या कर्करोगाचा धोका कमी होतो. पण जगातील आठपैकी साधारण एका कर्करोगामागे जंतुसंसर्ग असतो, हे आता पक्के झाले आहे. यकृताच्या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या ‘हिपॅटायटिस बी’वर बाळांसाठी सरकारी लस आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागच्या ‘एचपीव्ही’ विषाणूवरही लस आहे. ती किशोरवयात दिलेली उत्तम. स्तनांत गाठ लागली तर मात्र लाजेपोटी दिवस घालवू नयेत. दुखत नाही म्हणून गाठ साधी, असे समजणे चूक. जवळच्या सरकारी रुग्णालयात त्याच आठवड्यात दाखवावे. लवकर सापडलेली गाठ बरी होते, आणि उशीर झाला की उपचार अवघड होत जातात.