पंडित विष्णू नारायण भातखंडे : गाणं कागदावर आणणारे संगीतशास्त्रज्ञ



परिपाठात आपण रोज प्रार्थना म्हणतो. ती ऐकून पाठ होते. पण शिकवणारेच नसतील तर चाल कुठून मिळणार? हा प्रश्न ज्यांनी सोडवला, त्यांची ओळख आज करून घेऊ.

जन्म : 10 ऑगस्ट 1860, वाळकेश्वर, मुंबई
मृत्यू : 19 सप्टेंबर 1936

लहानपणापासून त्यांना गाण्याची आवड. कॉलेजात असतानाच ते सतार शिकले. पुढे कायद्याची पदवी घेऊन वकील झाले. पण पत्नी आणि एकुलती एक मुलगी दोघीही गेल्या. मग त्यांनी वकिली सोडली आणि उरलेलं आयुष्य संगीताला दिलं.

त्या काळी चिजा घराण्यातच राहत. उस्ताद गेले की त्यांच्यासोबत चिजाही जात. भातखंडे देशभर फिरले, उस्तादांकडून चिजा मिळवल्या आणि लिहून काढल्या.

पण लिहायच्या कशा? त्याच काळात पंडित विष्णू दिगंबर पलुस्करांनीही स्वरलिपी तयार केली होती. तिच्यात प्रत्येक स्वराला मात्रेची वेगळी खूण असे. बारकावा जास्त, पण खुणाही जास्त. भातखंडेंनी सोपी वाट धरली. सा रे ग म ही आपलीच अक्षरं घेतली. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र म वर उभी रेघ. मंद्र स्वराखाली टिंब, तार स्वरावर टिंब. एका मात्रेत दोन स्वर आले तर खाली कंस. झालं!

मींड आणि गमक कागदावर पूर्ण उतरत नाहीत, अशी टीका झाली. त्यात तथ्य आहेच. स्वरलिपी म्हणजे सांगाडा, त्यात जीव गुरूच ओततात. पण सांगाडाच नसता तर कितीतरी चिजा कायमच्या गेल्या असत्या. 'क्रमिक पुस्तक मालिके'च्या सहा भागांत त्या आजही आहेत. त्यांच्या प्रयत्नांतून 1916 मध्ये बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली आणि 1926 मध्ये लखनौला संगीत महाविद्यालय सुरू झालं. आज ते त्यांच्याच नावाचं विद्यापीठ आहे.

आता माझी एक चूक सांगते. साक्रीला मुलांसाठी मोबाईलवर काफी थाटाचे स्वर टाइप केले. स्वराखाली रेघ येईना, म्हणून तशीच पाठवली. काफीत ग आणि नी कोमल. रेघा गेल्या आणि मुलं पेटीवर चक्क बिलावल वाजवू लागली! एका रेघेनं थाट बदलतो हे तेव्हा नीट कळलं. आता मी वहीत हाताने लिहून फोटो पाठवते.

तर मित्रांनो, सोपी युक्ती जरूर वापरा. फक्त तिच्यात अर्थ हरवत नाही ना, तेवढं तपासा. भातखंडेंनी खुणा कमी केल्या, पण आवश्यक ती एकही सोडली नाही.

स्वाध्याय : सा ते वरचा सा काफी थाटात वहीत लिहा. रेघा विसरू नका!