सामिया गमाल : अनेक गुरूंच्या शिकवणीतून घडलेली स्वतंत्र नर्तिका

नवी दिल्ली, १ डिसेंबर : जगभर ‘बेली डान्स’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या इजिप्शियन नृत्याला रुपेरी पडद्यावर प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्या सामिया गमाल यांचा आज स्मृतिदिन. १९९४ मध्ये याच दिवशी कैरो येथे त्यांचे निधन झाले.

१९२४ साली इजिप्तमधील एका लहानशा गावात जन्मलेल्या सामिया यांचे मूळ नाव झैनब. बालपणीच त्या कुटुंबासह कैरोला आल्या. तेथे बदिया मसाबनी यांच्या नृत्यसंचात त्यांना प्रवेश मिळाला आणि ‘सामिया गमाल’ हे नावही मिळाले. बदिया यांनी १९२६ मध्ये कैरोत स्वतःचे रंगगृह सुरू केले होते. घरगुती समारंभांत, मर्यादित जागेत होणारे हे नृत्य त्यांनी भव्य रंगमंचासाठी नव्याने बांधले. हातांच्या लयदार हालचाली आणि रंगमंचभर संचार हे त्यांच्या शिकवणीचे वैशिष्ट्य होते.

याच संचातील आघाडीच्या नर्तिका ताहिया कारिओका या सामिया यांच्या दुसऱ्या मार्गदर्शक. त्यांची शैली निराळी होती. एकाच जागी उभे राहून, संयमित हालचालींतून ताल व्यक्त करण्यावर त्यांचा भर असे. या दोन प्रभावी गुरूंच्या छायेत दुय्यम प्रतिकृती होऊन राहण्याचा धोका सामिया यांच्यापुढे होता.

त्यावर त्यांनी शोधलेला मार्ग अधिक शिकण्याचा होता. बॅले आणि लॅटिन अमेरिकी नृत्यांतील गिरक्या, पदन्यास व बाहूंचे विन्यास त्यांनी आत्मसात केले. हाती तलम ओढणी घेऊन रंगमंचावर प्रवेश करण्याची त्यांची पद्धत एका रशियन बॅले शिक्षिकेच्या सूचनेतून आली, असे सांगितले जाते. कटिप्रदेशाच्या हालचालींचा गाभा मात्र त्यांनी इजिप्शियनच ठेवला. उंच टाचांचे बूट घालून केलेले नृत्य ही त्यांची ओळख ठरली.

गायक-संगीतकार फरीद अल-अत्रश यांच्यासमवेत ‘हबीब अल-ओमर’ (१९४७) आणि ‘अफ्रिता हानेम’ (१९४९) या चित्रपटांनी त्यांना अरब जगतात घरोघरी पोहोचवले. उभयतांच्या स्नेहाची मोठी चर्चा झाली. विवाह मात्र झाला नाही. १९४९ मध्ये राजे फारूक यांनी त्यांना ‘इजिप्तची राष्ट्रीय नर्तिका’ म्हणून गौरविले. नर्तिकेकडे समाज संशयाने पाहत असताना लाभलेला हा बहुमान महत्त्वाचा होता. १९५४ मध्ये हॉलिवूडच्या ‘व्हॅली ऑफ द किंग्ज’मध्ये तसेच अलिबाबाच्या कथेवरील फ्रेंच चित्रपटातही त्या झळकल्या.

अमेरिकी उद्योजकाशी झालेला त्यांचा विवाह अल्पकाळच टिकला. पुढे १९५८ मध्ये अभिनेते रुश्दी अबाझा यांच्याशी त्या विवाहबद्ध झाल्या. १९७० च्या दशकाच्या प्रारंभी त्यांनी रंगमंचाचा निरोप घेतला. तथापि उतारवयात त्या पुन्हा नृत्याकडे वळल्या.

आज विविध देशांतील विद्यार्थिनी सामिया आणि ताहिया या दोघींच्या चित्रफिती शेजारी ठेवून अभ्यासतात. एकाच संचात शिकलेल्या या दोन नर्तिकांच्या शैलींत तेथे सहज फरक दिसतो. एकाहून अधिक गुरूंकडून घेतलेल्या विद्येतूनही कलावंताचे स्वत्व उभे राहू शकते, याची साक्ष सामिया यांच्या चित्रपटांतून आजही मिळते.