डिझेल नावाचा माणूस

पेट्रोल पंपावर आपण रोज एका माणसाचं नाव वाचतो आणि ते माणसाचं आहे हे आपल्या लक्षातही येत नाही. पेट्रोल हे वस्तूचं नाव, पण डिझेल हे चक्क आडनाव आहे! थर्मोच्या पेपरात डिझेल सायकल येते, आपण पी-व्ही डायग्राम पाठ करून काढतो, मार्क मिळवतो आणि विसरतो. ती सायकल ज्याने आधी कागदावर आणि मग लोखंडात उतरवली, त्या रुडॉल्फ डिझेलबद्दल आपल्याला काहीच ठाऊक नसतं. यंदा माझ्या मामाच्या घरी जुनी जीप घ्यायचं निघालं. पेट्रोलची की डिझेलची यावर वाद सुरू झाले, आणि त्या निमित्ताने मी या माणसाचं चरित्र मिळेल तेवढं वाचून काढलं. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालेलं, त्यामुळे मराठी थोडं सांभाळून घ्या.

रुडॉल्फचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिसमध्ये झाला. आईवडील जर्मन, बव्हेरियाकडचे. वडील चामड्याच्या वस्तू बनवणारे कारागीर, घरची परिस्थिती बेताची. १८७० साली फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटलं आणि पॅरिसमधल्या जर्मनांना शहर सोडावं लागलं. हे कुटुंब लंडनला गेलं. तिथे सगळ्यांचं भागेना, म्हणून बारा वर्षांच्या रुडॉल्फला जर्मनीत ऑग्सबर्गला काकांकडे पाठवण्यात आलं. काका गणिताचे शिक्षक होते. चौदाव्या वर्षी मुलाने आईवडिलांना पत्र लिहून कळवलं की मी इंजिनिअर होणार. मुलाने लवकर कमवायला लागावं अशी घरच्यांची इच्छा होती, पण याने स्कॉलरशिप मिळवली आणि म्युनिकच्या पॉलिटेक्निकमध्ये प्रवेश घेतला.

तिथे त्याला प्रोफेसर कार्ल फॉन लिंडे शिकवायला होते. हे लिंडे म्हणजे रेफ्रिजरेशनमधले मोठे नाव. त्यांच्या लेक्चरमध्ये डिझेलला कळलं की वाफेचं इंजिन कोळशातल्या उष्णतेपैकी जेमतेम दहा टक्के वापरतं, बाकीची सगळी वाया जाते. वर्गातल्या इतर मुलांनीही हे ऐकलं असणार, वहीत उतरवून घेतलं असणार. याच्या डोक्यातून मात्र ते पुढे कधी गेलंच नाही. १८७९ साली टायफॉइड झाल्यामुळे त्याची शेवटची परीक्षा हुकली. पुढची संधी येईपर्यंत तो स्वित्झर्लंडमध्ये सुल्झर कंपनीत काम करत राहिला आणि जानेवारी १८८० मध्ये परीक्षा दिली ती सर्वोच्च गुणांनी. परीक्षा हुकलेल्या आमच्या विंगमधल्या मंडळींनी याची नोंद घ्यावी!

पुढची दहा वर्षं त्याने पॅरिसमध्ये लिंडे यांच्या बर्फाच्या यंत्रांच्या धंद्यात काढली. नोकरी सांभाळून तो अमोनियाच्या वाफेवर चालणारं इंजिन बनवायच्या मागे होता. ते काही जमलं नाही. पण जास्त दाब आणि जास्त तापमान यांच्याशी खेळता खेळता त्याला वेगळी कल्पना सुचली. हवा दाबली की ती तापते, हे सायकलला पंपाने हवा भरणाऱ्या कुणालाही माहीत असतं. मग हवा इतकी दाबायची की तिच्यात इंधन टाकल्याबरोबर ते आपोआप पेटावं. ठिणगी नको, प्लग नको, काही नको.

ऑटो यांचं चार स्ट्रोकचं इंजिन १८७६ सालीच आलेलं होतं. त्यात इंधन आणि हवा एकत्र आत घेतात, दाबतात आणि पेटवतात. आजचं पेट्रोल इंजिन याच पद्धतीचं. मिश्रण फार दाबलं तर ते वेळेआधीच पेटतं, म्हणजे नॉकिंग होतं. त्यामुळे पेट्रोलचं कॉम्प्रेशन साधारण आठ ते बारापर्यंतच ठेवावं लागतं. डिझेलने दाबायला फक्त हवाच घेतली. नुसती हवा कितीही दाबा, ती पेटणार कशी? म्हणून हे कॉम्प्रेशन सोळा ते बावीसपर्यंत नेता येतं, आणि कॉम्प्रेशन वाढलं की एफिशिअन्सी वाढते. हे आपल्याला फॉर्म्युल्यात शिकवतात, पण त्यामागे एका माणसाचा हट्ट आहे हे शिकवत नाहीत.

१८९३ च्या फेब्रुवारीत त्याला पेटंट मिळालं. ऑग्सबर्गच्या यंत्र कारखान्याचे प्रमुख हाइनरिश फॉन बुत्स यांनी जागा, कारागीर आणि पैसा दिला, क्रुप कंपनीनेही हातभार लावला. १० ऑगस्ट १८९३ रोजी पहिल्या चाचणीत इंधन पेटलं खरं, पण दाब इतका वाढला की वर बसवलेला इंडिकेटर फुटून उडाला. माणसं थोडक्यात वाचली. इंजिन चाललं नाही, पण कल्पना खरी ठरली. १७ फेब्रुवारी १८९४ रोजी ते पहिल्यांदा स्वतःच्या बळावर फिरलं, सुमारे एक मिनिट! त्यापुढे आणखी तीन वर्षं नोझल, पंप, सील यांच्याशी झटापट झाली. १८९७ च्या फेब्रुवारीत प्रोफेसर श्रोटर यांनी अधिकृत चाचणी घेतली. सुमारे वीस हॉर्सपॉवरचं, तीन मीटर उंचीचं ते इंजिन २६ टक्के एफिशिअन्सी देत होतं. वाफेच्या इंजिनाच्या दुपटीहून जास्त. डिझेलने सुरुवातीला कागदावर ७० टक्क्यांच्या वरचा हिशोब मांडला होता. तो कुठल्या कुठे राहिला, पण तेव्हा जगातल्या कुठल्याही इंजिनाला २६ टक्के जमत नव्हतं.

आता जीपकडे येते, कारण हा सगळा इतिहास आजही बॉनेटखाली जसाच्या तसा बसलेला आहे.

मामाचं शेत जुन्नर तालुक्यात डोंगराच्या अंगाला आहे. टोमॅटोचे क्रेट खाली डांबरी रस्त्यापर्यंत आणायचे म्हणजे दगडधोंड्यांची वाट, पावसाळ्यात नुसता चिखल. फोर बाय फोर हवी आणि बजेट एका हंगामाच्या टोमॅटोच्या पैशांएवढं. समोर दोनच पर्याय होते, जुनी मारुती जिप्सी किंवा जुनी महिंद्रा एमएम ५४०. जिप्सी भारतात १९८५ साली आली आणि शेवटपर्यंत पेट्रोलचीच राहिली. महिंद्राला प्यूजोच्या रचनेचं २११२ सीसीचं डिझेल इंजिन. घरात मी एकटी मेकॅनिकलची, त्यामुळे मामा म्हणाला की सांग बाई आता तूच.

मी कागदावर मांडून बघितलं. तेराशे सीसीची जिप्सी ८० हॉर्सपॉवर देते, पण ती ६००० आरपीएमला, आणि तिचा सगळ्यात जास्त टॉर्क मिळतो तो ४५०० ला. महिंद्राची ताकद कमी, पण टॉर्क जास्त आणि तोही २००० च्या आसपासच. माल भरून दगडावरून पहिल्या गिअरमध्ये चढताना इंजिन ४५०० वर न्यायचं म्हणजे क्लच जाळायचा. शिवाय डिझेलच्या पंपाला गव्हर्नर असतो, तो आयडलचा वेग धरून ठेवतो. अ‍ॅक्सिलरेटरवर पाय न ठेवताही गाडी मुंगीच्या पावलाने चढत राहते. दुसरं म्हणजे पेट्रोल इंजिनात हवेची वाट अर्धवट बंद करून वेग कमी ठेवतात, त्यात शक्ती फुकट जाते. डिझेलमध्ये हवा मोकळी, कमीजास्त होतं ते फक्त इंधन. म्हणून हळू चालण्याच्या कामात डिझेल जास्तच काटकसर करतं. ओढ्यात प्लगच्या वायरी भिजून बंद पडायची भीती नाही, कारण प्लगच नाहीत. (हवेच्या नळीतून पाणी आत गेलं तर मात्र डिझेलचा कनेक्टिंग रॉड वाकलाच म्हणून समजा. पाणी दाबलं जात नाही!)

पण दुसरी बाजूही आहे. त्या जबरदस्त दाबामुळेच डिझेलचं इंजिन जड, धडधडणारं आणि दुरुस्तीला महाग. चिखलात किंवा वाळूत हलकी जिप्सी तरंगल्यासारखी निघून जाते तिथे जड जीप रुतते. पंप आणि नोझलचं काम निघालं तर वर्षाची इंधनाची बचत एका फटक्यात जाते. पूर्वी डिझेल खूप स्वस्त असायचं, पण ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारने डिझेलच्या दरावरचं नियंत्रण काढल्यापासून तो जुना हिशोब चालत नाही. म्हणून महिन्यातून एकदा ट्रेकला जाणाऱ्याने, ज्याची गाडी बाकीचे दिवस पार्किंगमध्येच उभी असते त्याने, माझ्या मते सरळ पेट्रोल घ्यावी. रोज ओझं घेऊन हळू चढणाऱ्याने डिझेल घ्यावी. आणि कुठलीही घेतली तरी गाडी १५ वर्षांची झालेली असेल तर आरसी रिन्यू झाली आहे का ते आधी बघावं.

जुन्या डिझेलची परीक्षा मात्र सकाळी थंड इंजिनावरच घ्यायची. हिटर प्लगने पटकन सुरू होते का, निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, गरम झाल्यावरही पांढरा धूर जात नसेल तर कॉम्प्रेशन किंवा नोझल गेलंय. इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण काढून बघायचं. आतून भसाभस धूर आला तर रिंगा संपल्या, इंजिन काम आलं. आम्ही पहिली जीप बघायला गेलो तेव्हा मामाने आधी बॉनेटवर हात ठेवला. ते गरम होतं. आम्ही पोचायच्या आधीच गाडी तापवून ठेवलेली. मामा काही न बोलता परत फिरला. दुसरी गाडी थंड होती, तिसऱ्या सेकंदाला सुरू झाली, झाकणातून धूर नव्हता. ती आता शेतावर आहे.

थंड इंजिनाची परीक्षा डिझेललाही चुकली नाही. १८९८ मध्ये त्याची इंजिनं बाजारात आली तेव्हा ती अजून कच्ची होती. पहिलं इंजिन केम्प्टन गावच्या आगकाडीच्या कारखान्यात बसवलं (काडीशिवाय पेटणारं इंजिन काडीच्या कारखान्यात!) आणि तिथे ते सारखं त्रास देत राहिलं. गिऱ्हाइकांच्या तक्रारी आल्या, पेटंटवरून वाद झाले. तोपर्यंत डिझेल लक्षाधीश झाला होता, पेटंटचे हक्क त्याने ३५ लाख मार्कांना विकले होते. पण कामाच्या ताणाने तो आजारी पडला, सॅनिटोरियममध्ये राहिला. पैसा जमिनींत आणि तेलविहिरींत गुंतवला आणि तो बुडत गेला. म्युनिकमध्ये आलिशान बंगला उभा राहिला आणि आतून कर्ज वाढत राहिलं.

इंजिन मात्र सुधारत गेलं. १९०० च्या पॅरिसच्या प्रदर्शनात त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळालं. तिथे एक लहान डिझेल इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं, आणि लोकांना फरक कळलाही नाही. १९१२ साली डेन्मार्कचं सेलांडिया हे जहाज डिझेलवर समुद्र पार करून गेलं. गाडीत बसेल एवढं लहान इंजिन मात्र डिझेलच्या हयातीत जमलं नाही. इंधन आत फुंकायला मोठा कॉम्प्रेसर लागायचा. १९२७ साली बॉशने इंजेक्शन पंप बाजारात आणला तेव्हा ते कोडं सुटलं.

२९ सप्टेंबर १९१३ च्या संध्याकाळी डिझेल अँटवर्पहून ड्रेस्डेन नावाच्या बोटीने इंग्लंडला निघाला. तिथल्या कामाच्या बैठका ठरलेल्या होत्या. रात्री सोबत्यांबरोबर जेवण झालं, दहाच्या सुमारास केबिनमध्ये गेला, सकाळी सव्वासहाला उठवायला सांगितलं. सकाळी केबिन रिकामी होती, बिछान्यावर कुणी झोपलेलंच नव्हतं. डेकवर त्याची टोपी आणि घडी केलेला कोट सापडला. दहा-अकरा दिवसांनी एका डच बोटीला एक मृतदेह दिसला. खिशातल्या वस्तू काढून घेऊन तो पुन्हा समुद्रात सोडण्यात आला. त्या वस्तू वडिलांच्याच आहेत हे मुलाने ओळखलं. डायरीत त्या तारखेपुढे क्रॉसची खूण होती. घातपाताच्या गोष्टी पुष्कळ रंगल्या, पण कर्जाने खचलेल्या माणसाने स्वतःच जीव दिला असं बहुतेक अभ्यासक मानतात. वय पंचावन्न.

मला लागून राहिलेली गोष्ट वेगळीच आहे. डिझेलला हे इंजिन लहान कारागिरांसाठी हवं होतं. वाफेची अवाढव्य यंत्रं फक्त मोठ्या कारखानदारांना परवडत, आणि त्याच्या वडिलांसारखे कारागीर त्यांच्यापुढे टिकत नव्हते. त्याच्या डोळ्यांदेखत मात्र इंजिन गेलं ते कारखान्यांत, जहाजांत आणि पाणबुड्यांत. लहान माणसापर्यंत ते खूप उशिरा पोचलं. १९४६ साली पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली आणि महाराष्ट्रातल्या कितीतरी विहिरींवर, पिठाच्या गिरण्यांत त्या इंजिनाचा टक टक आवाज घुमू लागला. त्याच्या धुराचा त्रासही खराच. डिझेलच्या धुराने कॅन्सर होतो असं २०१२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या संस्थेने जाहीर केलं, तेव्हा ही इंजिनं पुढे किती वर्षं राहतील कोण जाणे.

पण तोपर्यंत, मित्रहो, वायवामध्ये सरांनी डिझेल सायकल विचारली तर ॲडियाबॅटिक कॉम्प्रेशन म्हणून थांबू नका. चामड्याचं काम करणाऱ्याचा एक मुलगा होता, तिथून सुरुवात करा. मार्क किती मिळतील ते मात्र सरांवर!