विश्वेश्वरय्या आणि खडकवासल्याचे स्वयंचलित दरवाजे

धरणात जास्त पाणी साठवायचंय? मग सांडवा उंच करा, असं आपल्याला सहज वाटतं. पण सांडवा आठ फूट उंच केला, की तेवढ्याच पुराला तलावाची पातळीही आठ फूट जास्त चढते. धरणाच्या भिंतीला हा भार झेपला नाही, तर धोका खालच्या गावांना. पुण्याजवळच्या खडकवासला धरणावर नेमकी हीच अडचण होती, आणि त्यावर तोडगा काढला मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी.

त्यांचा जन्म मुद्देनहळ्ळीचा. बंगळूरला बी.ए. झाल्यावर ते पुण्याच्या सायन्स कॉलेजात (आजचं सीओईपी) अभियांत्रिकी शिकले. १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले. नाशिक, धुळे, पुणे असं काम करताना महाराष्ट्रातल्या नद्यांचा स्वभाव त्यांना कळला: चार महिने पूर, नंतर टंचाई.

१९०३ मध्ये खडकवासल्याच्या सांडव्यावर त्यांचे स्वयंचलित दरवाजे बसले. युक्ती सोपी होती. दरवाजांचा तोल सांभाळायला जड वजनं टांगलेली. पाणी ठरलेल्या पातळीवर आलं, की ते वजनाच्या हौदात शिरतं. पाण्यात बुडालेलं वजन हलकं होतं, तोल बिघडतो आणि दरवाजे उघडतात. पातळी उतरली, हौद रिकामा झाला, की दरवाजे आपोआप बंद! साठ्याची पातळी सुमारे आठ फूट वाढली आणि पुराला वाटही मोकळी राहिली. या रचनेचं त्यांनी पेटंट घेतलं. पुढे ग्वाल्हेरजवळचं तिगरा आणि म्हैसूरजवळचं कृष्णराजसागर इथेही असे दरवाजे आले.

आज याच प्रश्नावर आणखी एक उपाय आहे: लॅबिरिंथ सांडवा. यात काहीच हलत नाही. सांडव्याची भिंत सरळ न बांधता नागमोडी बांधतात, त्यामुळे तेवढ्याच रुंदीत माथ्याची लांबी कितीतरी वाढते आणि पाण्याची उंची कमी असतानाही मोठा विसर्ग होतो. मात्र पाणी जास्त चढलं, की शेजारच्या वळणांतले प्रवाह एकमेकांवर आदळतात आणि फायदा घटतो. थोडक्यात, दरवाजांना देखभाल लागते, तर नागमोडी भिंतीला मर्यादा असते.

विश्वेश्वरय्या पुढे म्हैसूरचे दिवाण झाले, १९५५ मध्ये भारतरत्न झाले. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, त्या लोंढ्यात खडकवासल्याची भिंतही खचली आणि पुण्यात हाहाकार उडाला. तेव्हा ते हयात होते. पुढच्याच वर्षी, एप्रिल १९६२ मध्ये, वयाची शंभरी ओलांडून ते गेले.

त्यांचा वाढदिवस, १५ सप्टेंबर, आपण अभियंता दिन म्हणून साजरा करतो. पुढच्या वेळी एखादं धरण बघायला गेलात, तर किती पाणी साठलंय एवढंच विचारू नका. मोठा पूर आला तर तो जाणार कुठून, हेही विचारा.