विश्लेषण : सिग्नल पूर्ण, तरीही खरखर का? रेडिओतील गोंगाटाशी आयुष्यभर लढलेले एडविन आर्मस्ट्राँग कोण होते?

डिजिटल रेडिओ स्कॅनरवर सिग्नलच्या सगळ्या दांड्या भरलेल्या दिसतात, पण आवाज तुटत राहतो. विमानांच्या संभाषणाची फ्रिक्वेन्सी लावली, तर मध्येच एफएमवरची गाणी ऐकू येतात. मोबाइलचा चार्जर लावताच खरखर वाढते. यंत्र नवे असले तरी हे प्रश्न शंभर वर्षे जुने आहेत. त्यांची उत्तरे शोधण्यात अमेरिकी अभियंता एडविन हॉवर्ड आर्मस्ट्राँग यांचे सारे आयुष्य गेले. तांत्रिक लढाई ते जिंकले, पण कोर्टातील लढाईने त्यांना संपवले.

सुरुवात कशी झाली?

आर्मस्ट्राँग यांचा जन्म १८ डिसेंबर १८९० रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. बालपण जवळच्या याँकर्स गावात गेले. दूरचे क्षीण सिग्नल पकडता यावेत म्हणून त्यांनी घराच्या आवारात १२५ फूट उंच अँटेना स्वतः उभारला. पुढे कोलंबिया विद्यापीठात त्यांनी विद्युत अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले.

ली डी फॉरेस्ट यांनी तयार केलेली ‘ऑडियन’ ही निर्वात नळी तेव्हा उपलब्ध होती, पण ती नेमके काय करते हे फारसे कुणाला उमगले नव्हते. १९१२ मध्ये विद्यार्थी असतानाच आर्मस्ट्राँग यांनी नळीतून बाहेर पडणारा सिग्नल पुन्हा तिच्याच आत सोडला. सिग्नल कितीतरी पटींनी वाढला आणि हेडफोनशिवाय ऐकू येऊ लागला. हेच ‘रिजनरेशन’. त्यात एक खोड होती. फेरा जास्त झाला की रेडिओ स्वतःच लहरी सोडू लागे आणि शेजारच्या घरातील संचात शिट्टी वाजे.

स्कॅनरमध्ये त्यांचे नेमके काय आहे?

पहिल्या महायुद्धात आर्मस्ट्राँग अमेरिकी लष्कराच्या सिग्नल कोअरमधून पॅरिसला गेले. फार उच्च फ्रिक्वेन्सीचा सिग्नल वाढवणे त्या काळच्या नळ्यांना झेपत नव्हते. १९१८ मध्ये त्यांनी त्यावर तोडगा काढला. संचाच्या आत एक दुसरी लहर तयार करायची, ती आलेल्या सिग्नलमध्ये मिसळायची आणि दोहोंतील फरकाएवढी कमी, ठरावीक फ्रिक्वेन्सी मिळवायची. मग सिग्नल वाढवणे आणि गाळणे ही कामे त्या एकाच फ्रिक्वेन्सीवर करायची. या ‘सुपरहेटरोडाइन’ रचनेवर फ्रान्सच्या लुसिएन लेव्ही यांनीही दावा सांगितला आणि त्यावरून वाद झाला. घरगुती रेडिओपासून बहुतेक स्कॅनरपर्यंत हीच पद्धत पुढे रुळली.

स्कॅनरवर नको ती गाणी का येतात, याचे उत्तरही इथेच मिळते. फरक वरच्या बाजूचा आहे की खालच्या, हे मिश्रण करणाऱ्या भागाला कळत नाही. समजा, संच ११९.४ मेगाहर्ट्झवर लावला आहे, आतली लहर १०८.७ ची आहे आणि ठरावीक फ्रिक्वेन्सी १०.७ ची. अशा वेळी ९८ मेगाहर्ट्झवरील एफएम केंद्राचा फरकही तेवढाच, म्हणजे १०.७ भरतो. हा झाला ‘इमेज’ सिग्नल. यावर अँटेना मोठा करणे हा उपाय नाही. उलट त्याने एफएम केंद्र आणखी जोरात शिरते. एफएम पट्टा अडवणारा फिल्टर संचाच्या आधी लावला की फरक पडतो.

एफएमने खरखर कशी थांबवली?

पावसाळ्यात वीज चमकली की मध्यम लहरींवरचा रेडिओ कडकडतो, हा अनुभव घरोघरी असतो. या एएम पद्धतीत आवाजाप्रमाणे लहरीची उंची बदलते. वीज, मोटार किंवा स्विचची ठिणगीसुद्धा मुख्यतः उंचीच बिघडवते. त्यामुळे आवाज कोणता आणि गोंगाट कोणता, हे संचाला ओळखता येत नाही.

आर्मस्ट्राँग यांनी लहरीची उंची कायम ठेवून फ्रिक्वेन्सी बदलण्याचा मार्ग धरला. कल्पना नवी नव्हती. मात्र जॉन कार्सन या गणितज्ञ अभियंत्याने १९२२ मध्ये तिचा फायदा नसल्याचे गणिताने दाखवले होते. गोंगाट कमी हवा तर पट्टा अरुंद ठेवा, असाच तेव्हाचा समज होता. आर्मस्ट्राँग यांनी नेमके उलटे केले. त्यांनी पट्टा रुंद केला आणि संचात लहरीची उंची छाटणारा ‘लिमिटर’ बसवला. उंचीबरोबर गोंगाटही बराचसा छाटला गेला. २६ डिसेंबर १९३३ रोजी त्यांना या शोधाची पेटंट मिळाली.

१९३४ मध्ये न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगवरून चाचण्या सुरू झाल्या. नोव्हेंबर १९३५ मध्ये अभियंत्यांच्या सभेत त्यांनी थेट प्रात्यक्षिकच दिले. याँकर्सहून पाणी ओतल्याचा आणि कागद चुरगाळल्याचा आवाज आला आणि तो सभागृहात स्पष्ट ऐकू आला.

मग वाद कुठे झाला?

चाचण्यांची जागा रेडिओ क्षेत्रातील बलाढ्य कंपनी आरसीएची होती. तिचे प्रमुख डेव्हिड सार्नॉफ हे आर्मस्ट्राँग यांचे जुने मित्र. १९२३ मध्ये आर्मस्ट्राँग यांनी सार्नॉफ यांच्या सचिव मारियन मॅकिनिस यांच्याशी लग्न केले होते. पण आरसीएचा सारा पसारा एएम केंद्रांवर उभा होता आणि पुढचा पैसा टेलिव्हिजनमध्ये लागणार होता. १९३५ मध्ये आर्मस्ट्राँग यांना आपली यंत्रे इमारतीतून हलवायला सांगण्यात आले. त्यांनी स्वतःच्या पैशाने न्यू जर्सीतील अल्पाइन येथे ४२५ फुटी मनोरा उभारून एफएम केंद्र सुरू केले.

आधीच्या वर्षी आणखी एक धक्का बसला होता. रिजनरेशनचा शोध डी फॉरेस्ट यांचा, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९३४ मध्ये दिला. आर्मस्ट्राँग या शोधासाठी मिळालेले पदक परत करायला गेले. रेडिओ अभियंत्यांच्या संस्थेने ते घेण्यास नकार दिला.

१९४५ मध्ये सरकारने एफएमचा पट्टा ४२ ते ५० मेगाहर्ट्झवरून ८८ ते १०८ वर नेला. आयनांबरामुळे दूरच्या केंद्रांचा हस्तक्षेप होईल, हे कारण देण्यात आले. आर्मस्ट्राँग यांना ते पटले नव्हते. लोकांच्या घरातील जुने एफएम संच एका निर्णयाने निरुपयोगी ठरले.

शेवट काय झाला?

आरसीएने मानधन न देता एफएम वापरल्याचा आरोप करत आर्मस्ट्राँग यांनी १९४८ मध्ये खटला भरला. तो रेंगाळत गेला. तोवर १९५० मध्ये मूळ पेटंटची मुदतही संपली. वकिलांच्या फीमध्ये संपत्ती आटली. नोव्हेंबर १९५३ मध्ये भांडणात त्यांनी मारियन यांच्या हातावर मारले आणि त्या घर सोडून बहिणीकडे गेल्या. ३१ जानेवारी १९५४ च्या रात्री, वयाच्या ६३ व्या वर्षी, आर्मस्ट्राँग यांनी आयुष्य संपवले. त्याच वर्षी आरसीएने सुमारे १० लाख डॉलर देऊन तडजोड केली. इतर कंपन्यांविरुद्धचे खटले मारियन यांनी चालू ठेवले. शेवटचा १९६७ मध्ये त्यांच्या बाजूने संपला.

आजच्या डिजिटल स्कॅनरशी संबंध काय?

भारतात एफएम प्रसारण २३ जुलै १९७७ रोजी चेन्नईत सुरू झाले. आज मुंबई-पुण्यातली एफएम केंद्रेही ८८ ते १०८ याच पट्ट्यात आहेत. पी-२५ किंवा डीएमआरसारख्या डिजिटल वॉकीटॉकीतही आवाजाचे आकडे फ्रिक्वेन्सी थोडी वरखाली सरकवूनच पाठवले जातात.

एफएमला एक मर्यादा आहे. सिग्नल गोंगाटापेक्षा पुरेसा मोठा असेल तोवरच ते बाजी मारते. त्या पातळीखाली एफएमवर फुसफुस वाढते, तर डिजिटल आवाज एकदम तुटतो. म्हणून आधी स्कॅनर बॅटरीवर चालवून पाहावा. खरखर थांबली तर दोष चार्जरचा. दांड्या भरूनही आवाज तुटत असेल, तर एकच संदेश अनेक मनोऱ्यांवरून किंचित पुढेमागे येत असण्याची शक्यता असते. अशा वेळी एकाच दिशेचा अँटेना लावणे किंवा संचाची संवेदनशीलता कमी करणे उपयोगी पडते. ताकद वाढवण्याआधी गोंगाट कुठून येतो ते शोधा, हा आर्मस्ट्राँग यांचा मार्ग इथेही लागू पडतो.