विश्लेषण : नव्या नाटकांना हक्काची जागा मिळवून देणारे अरविंद देशपांडे कोण होते?

नाटक लिहून झाले, तालमीही झाल्या. पण प्रयोग करायचा कुठे? मोठ्या नाट्यगृहाचे भाडे नवोदितांना परवडत नाही. या प्रश्नावर उत्तर शोधणाऱ्यांत दिग्दर्शक अरविंद देशपांडे आघाडीवर होते.

‘शांतता!’पासून सुरुवात
१९३२ मध्ये जन्मलेले देशपांडे ‘रंगायन’मध्ये घडले. १९६७ मध्ये त्यांनी विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ बसवले. बेणारेबाईंच्या भूमिकेत त्यांच्या पत्नी सुलभा देशपांडे होत्या. पुढे हे नाटक अनेक भाषांत गेले.

छबिलदास चळवळ म्हणजे काय?
१९७१ मध्ये सुलभाताई आणि सहकाऱ्यांसह त्यांनी ‘आविष्कार’ ही संस्था सुरू केली. १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रयोग होऊ लागले. नेपथ्य मोजके, प्रेक्षक हाताच्या अंतरावर, खर्च कमी. त्यामुळे गल्ल्याची हमी नसलेली संहिताही रंगमंचावर आली. इतर संस्थांनाही ही जागा खुली झाली.

आज का आठवायचे?
१९८७ मध्ये देशपांडे गेले. ‘आविष्कार’ने त्यांच्या नावाने नाट्यमहोत्सव भरवला. एकांकिका करणाऱ्या मुलांचा प्रश्न मात्र अजूनही तोच आहे : तालीम झाली, आता प्रयोग कुठे?