कर्नल सी. के. नायडू : पहिला कर्णधार, पहिला लोकनायक

भारतीय क्रिकेटला पहिला लोकनायक दिला तो विदर्भाने. कोट्टारी कनकैया नायडू यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी नागपुरात एका तेलुगू कुटुंबात झाला. हिस्लॉप शाळेच्या संघातून घडलेला हा उंच, ताठ बांध्याचा तरुण १९१६ मध्ये मुंबईच्या चौरंगी स्पर्धेत हिंदू संघाकडून युरोपियनांविरुद्ध उतरला. पहिल्या धावा त्याने षटकाराने काढल्या. पुढच्या साऱ्या कारकिर्दीचा सूर तेथेच लागला.

१९२३ मध्ये होळकर महाराजांच्या निमंत्रणावरून नायडू इंदूरला गेले आणि संस्थानच्या सैन्यात अधिकारी झाले. खरी कीर्ती मिळाली ती १ डिसेंबर १९२६ रोजी. बॉम्बे जिमखान्यावर आर्थर गिलिगन यांच्या एमसीसी संघाविरुद्ध त्यांनी दोन तासांहून कमी वेळात १५३ धावा फटकावल्या. त्यांत ११ षटकार होते. राज्यकर्त्यांच्या गोलंदाजीची अशी धुलाई प्रेक्षकांनी पूर्वी पाहिली नव्हती. भारताला कसोटी दर्जा मिळण्याच्या वाटचालीत या खेळीचा वाटा मोठा मानला जातो.

मात्र त्या काळी कर्णधारपद गुणांवर नव्हे, तर गादीवर ठरत असे. १९३२ च्या इंग्लंड दौऱ्यासाठी पोरबंदरचे महाराज कर्णधार आणि लिंबडीचे राजपुत्र उपकर्णधार नेमले गेले. महाराज स्वतःहून बाजूला झाले, राजपुत्र जखमी झाले आणि २५ जून रोजी लॉर्ड्सवर भारताच्या पहिल्या कसोटीचे नेतृत्व नायडूंकडे आले. इंग्लंडची सुरुवातीला ३ बाद १९ अशी अवस्था झाली होती. सामना १५८ धावांनी गेला, तरी पहिल्या डावात नायडूंच्या ४० धावा भारतातर्फे सर्वाधिक ठरल्या. त्या दौऱ्यात त्यांनी १६१८ धावा आणि ६५ बळी मिळवले. १९३३ मध्ये विस्डेनने वर्षातील पाच खेळाडूंत त्यांचा समावेश केला.

१९३३-३४ मध्ये डग्लस जार्डिन यांच्या संघाविरुद्ध मायदेशातील पहिल्या तीन कसोटींतही तेच कर्णधार होते. १९३६ मध्ये मात्र हे पद विजयानगरमच्या महाराजकुमारांकडे गेले. खेळाने सामान्य असलेल्या या कर्णधाराच्या हाताखाली नायडू तिन्ही कसोटी खेळले. ओव्हलवरील अखेरच्या कसोटीत गबी ॲलन यांच्या चेंडूचा मार अंगावर झेलून त्यांनी ८१ धावा केल्या. कसोटीतील ही त्यांची सर्वोच्च आणि शेवटची खेळी. सात कसोटी, ३५० धावा, एवढाच हिशेब मागे राहिला. पहिली कसोटी खेळताना त्यांचे वय ३६ होते, हे विसरून चालणार नाही.

त्यांचे मोठेपण या आकड्यांत मावत नाही. त्यांनी होळकर संघाला चार वेळा रणजी करंडक मिळवून दिला. पन्नाशी गाठल्यावर १९४५-४६ च्या हंगामात द्विशतक ठोकले. शिस्तीत ते कमालीचे कठोर होते. दुखापतीचे कौतुक त्यांना खपत नसे. दत्तू फडकर यांच्या चेंडूने दात पडले तरी त्यांनी मैदान सोडले नाही. १९५६-५७ मध्ये, वयाच्या ६१ व्या वर्षी, उत्तर प्रदेशकडून अखेरच्या रणजी सामन्यात त्यांनी अर्धशतक केले.

१९५६ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. १४ नोव्हेंबर १९६७ रोजी इंदूरमध्ये त्यांचे निधन झाले. क्रिकेट मंडळाचा जीवनगौरव पुरस्कार आज त्यांच्या नावाने दिला जातो. ज्यांनी त्यांच्याकडून नेतृत्व घेतले, त्यांच्या पदव्या काळाच्या ओघात गेल्या. नायडूंचे नाव राहिले ते बॅटच्या बळावर.